बंद काचांची गाडी आणि ऑनलाइन थेरपी

जवळजवळ आठ महिने मी, आधी दर आठवड्याला आणि पुढे अधूनमधून, गुरुवारी रात्री साडेआठ वाजता आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत, पार्किंगमधल्या गाडीत जाऊन बसायचो. गाडी कुठे न्यायची नसायची. काचा वर, इंजिन बंद, मोबाइल स्टिअरिंगला टेकवलेला, कानात हेडफोन. तिसऱ्या की चौथ्या गुरुवारी वॉचमनने काच वाजवली. मी रुमालाने डोळे पुसत होतो. म्हणालो, "मीटिंग चालू आहे." तो क्षणभर बघत राहिला आणि म्हणाला, "आमच्या सुपरवायझरची पण अशीच असते."

मोबाइलच्या पलीकडे नाशिकमध्ये बसलेल्या माझ्या थेरपिस्ट मॅडम हसल्या, मीही हसलो. मग त्यांनी विचारलं, "घरात का नाही बसत?" त्याचं उत्तर सोपं होतं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, माणसं पाच, आणि अख्ख्या घरात आतून कडी लागणारं दार फक्त बाथरूमचं.

ऑनलाइन थेरपीबद्दल बोलताना लोक इंटरनेटचा वेग विचारतात, कुठलं ॲप चांगलं ते विचारतात. दाराबद्दल कुणी विचारत नाही. दवाखान्यात जाता तेव्हा शांत खोली, बंद दार, टेबलावर टिश्यूचा डबा हे सगळं समोरच्याने तयार ठेवलेलं असतं. ऑनलाइनमध्ये ते तुमच्या गळ्यात पडतं. थेरपीचं काम तेच राहतं, फक्त खोली तुम्हाला शोधावी लागते. आपल्याकडे भिंतीलाही कान असतात, आणि त्यांतले बरेचसे कान आपल्याच घरातले असतात.

आता मुळात तिथे होतं काय, ते सांगतो. आमच्या घरात सल्ल्याची कधीच टंचाई नव्हती. मोठी आत्या, ऑफिसमधले सावंत, बायकोचे काका, सगळे चार युक्तीच्या गोष्टी सांगायला तयारच असतात. "मनावर घेऊ नकोस", "विषय संपव", "बाप आहे तो, बोलणारच". यांतलं एकही वाक्य चुकीचं नाही, पण उपयोग शून्य. थेरपिस्टकडे मी गेलो तेव्हा वाटलं होतं, ही बाई जरा वरच्या दर्जाचा सल्ला देईल. पहिल्या तीन सेशनमध्ये तिने एकही दिला नाही. पैसे परत मागावेत असं तेव्हा वाटलं होतं, हे कबूल करतो.

आमच्या घरातलं भांडण दुधाच्या पिशवीवरून होतं. बाबा निवृत्त झाले, आणि दोन वर्षांनी आई-बाबा गाव सोडून आमच्याकडे राहायला आले. बाबांचा नियम असा की पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा वेगळा पडू द्यायचा नाही, तो पिशवीलाच लोंबता राहिला पाहिजे, म्हणजे रद्दीवाल्याकडे प्लास्टिक नीट जातं. नियम चांगलाच आहे. एका सकाळी माझ्याकडून तुकडा पडला. बाबा म्हणाले, "इतकंही कळत नाही का?" आणि चाळिशीला आलेला, घराचे हप्ते फेडणारा मी असा ओरडलो की शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

मॅडमनी विचारलं, "ते 'इतकंही कळत नाही का' म्हणाले, तेव्हा तुम्ही मनात स्वतःला काय म्हणालात?"

मी म्हणालो, "काही नाही. राग आला."

"रागाच्या आधी?"

गाडीत बराच वेळ शांतता. मग माझ्या तोंडून आलं, "की मी अजून नापासच आहे."

एका सेशनमध्ये होतं ते साधारण इतकंच. या पद्धतीला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात ती मांडली, आणि महाराष्ट्रात ती मानसशास्त्रज्ञ किशोर फडके यांच्यामुळे रुजली. तिचा गाभा तीन पायऱ्यांत सांगता येतो. एक घटना घडते, तिच्याबद्दल आपण मनात काहीतरी म्हणतो, आणि मग भावना येते. आपल्याला वाटतं की पहिल्या पायरीवरून आपण थेट तिसरीवर पडलो, बाबा बोलले म्हणून राग आला. मधली पायरी इतक्या झटकन मागे पडते की ती दिसतच नाही. थेरपिस्ट तुम्हाला त्या मधल्या पायरीवर उभं करून आजूबाजूला बघायला लावतो. "वडिलांनी टोकलं म्हणजे मी नापास" हे खरं कशावरून? ते न टोकता जगले तर बरं वाटेल, पण त्यांनी टोकताच कामा नये असा कायदा कुणी केला? प्रश्न साधे असतात. स्वतःला ते कधी विचारलेले नसतात, एवढंच.

आरोन बेक या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाची विचार तपासून पाहण्याची पद्धत हिचीच सख्खी बहीण. दोन्हींत गृहपाठ असतो. मला वहीत तीन रकाने आखून रोजचा एक प्रसंग लिहायचा होता. ऑनलाइनला ही पद्धत विशेष मानवते, कारण तिच्यात बोलणं, लिहिणं आणि तपासणं हेच मुख्य काम. सौम्य ते मध्यम स्वरूपाचं नैराश्य आणि चिंता यांत ही थेरपी व्हिडिओवर घेतली तरी समोरासमोरच्या जवळपास तितकाच फायदा होतो, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. सौम्य ते मध्यम, हे शब्द मात्र लक्षात ठेवा. त्याबद्दल पुढे बोलू.

या मॅडम मला पहिल्या फटक्यात भेटल्या नव्हत्या. त्याआधी एका ॲपवर मी तीन सेशनचं पॅकेज घेतलं होतं. फोटोत छान कोट घातलेले गृहस्थ, नावापुढे 'माइंड एक्स्पर्ट'. दुसऱ्या सेशनला त्यांनी मला डोळे मिटून बाबांना माफ करायला सांगितलं आणि तिसऱ्याच्या आधी दहा सेशनची सवलत सांगितली. शिक्षण विचारलं तर सहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स निघाला. चूक माझीही होतीच. साधा प्लंबर बोलावताना आपण दोघांना विचारतो, आणि इथे फोटो बघून पैसे भरले.

म्हणून ही माणसं वेगवेगळी ओळखायला हवीत. मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकिअॅट्रिस्ट, हा डॉक्टर असतो. एमबीबीएस होऊन पुढे मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा पदविका केलेला. औषधं लिहून देण्याचा अधिकार त्याचा. मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक त्याच्या चिठ्ठीवर असायलाच हवा, ऑनलाइन चिठ्ठीवरही. डॉक्टरांनी व्हिडिओवर रुग्ण कसा तपासायचा याचे नियम भारतात २५ मार्च २०२० रोजी निघाले, म्हणजे लॉकडाउन लागला त्याच दिवशी. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही. चाचण्या घेतो, थेरपी देतो. त्याने साधारणपणे एम.फिल. केलेलं असतं आणि भारतीय पुनर्वास परिषदेच्या रजिस्टरमध्ये त्याची नोंद असते. परिषदेच्या संकेतस्थळावर ती पाहता येते. समुपदेशक, म्हणजे काउन्सेलर, बहुधा मानसशास्त्रात एम.ए. केलेला असतो, आणि नातेसंबंध, ताण, घरातले बदल यांसाठी चांगला समुपदेशक अगदी पुरेसा असतो. माझ्या मॅडम समुपदेशकच. पंचाईत अशी की समुपदेशकांसाठी असं सक्तीचं नोंदणीपुस्तक आपल्याकडे नव्हतं. २०२१च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्याने ती वाट आखली आहे, पण पाटी लावायला आजही फारसं कुणी अडवत नाही. आणि कोच, हीलर, माइंड एक्स्पर्ट हे शब्द तर कुणीही लावावेत.

तेव्हा पहिल्या फोनवरच विचारावं. शिक्षण कुठे झालं, कुठल्या पद्धतीने काम करता, तुमच्या कामावर कुणा ज्येष्ठाची देखरेख असते का, मध्येच थांबायचं ठरवलं तर पैशांचं काय. चांगला माणूस या प्रश्नांनी दुखावत नाही. उलट मला तर मॅडमनीच सगळं न विचारता सांगितलं, आणि मग स्वतः एक विचित्र वाटणारा प्रश्न विचारला: "आत्ता तुम्ही नेमके कुठे आहात, पूर्ण पत्ता सांगा. आणि गरज पडली तर फोन करायला घरातल्या एकाचा नंबर द्या." मला ते खटकलं. गुप्ततेच्या गप्पा आणि वर बायकोचा नंबर? नंतर उलगडलं. दवाखान्यात कुणाला अचानक फार वाईट वाटलं, जिवाचं बरंवाईट करण्याच्या गोष्टी निघाल्या, तर थेरपिस्ट त्याच्या शेजारी असतो. दीडशे किलोमीटरवरच्या माणसाकडे पत्ता आणि एक फोन नंबर, एवढंच असतं. ही माहिती पहिल्याच सेशनला न विचारणाऱ्या थेरपिस्टबद्दल मी तरी सावध राहीन.

स्क्रीनमुळे काय बदलतं? हातपाय दिसत नाहीत. समोरच्याला तुमची टेबलाखाली हलणारी मांडी, चुरगळला जाणारा रुमाल काही कळत नाही, म्हणून चांगला ऑनलाइन थेरपिस्ट जरा जास्त विचारतो: "आत्ता अंगात कुठे काही जाणवतंय?" सुरुवातीला हा प्रश्न नाटकी वाटतो. नजरेचाही घोळ असतो. चेहरा बघायचा तर नजर स्क्रीनवर, आणि समोरच्याला वाटतं तुम्ही खाली बघताय. आणि कोपऱ्यातल्या चौकटीत स्वतःचंच थोबाड सतत दिसत राहतं. ती चौकट पहिल्याच दिवशी लपवून टाका. रडताना आपण कसे दिसतो हे बघत कुणाला नीट रडता येत नाही.

मिळतंही बरंच काही. गावातल्या एकुलत्या एका डॉक्टरच्या पायरीवर ओळखीचं कुणी बघेल ही भीती जाते. 'येरवड्याला पाठवा' हा आपल्याकडे अजूनही विनोद आहे. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी या चार सरकारी मनोरुग्णालयांची नावं शिवीसारखी वापरत आपल्या पिढ्या मोठ्या झाल्या, तेव्हा दाराशी न जाता उपचार मिळणं ही लहान गोष्ट नव्हे. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत मानसिक आरोग्याचं सर्वेक्षण केलं. महाराष्ट्र त्यात नव्हता. गरज असलेल्या शंभर लोकांपैकी सत्तर ते ब्याण्णव जणांपर्यंत, आजारानुसार, उपचारच पोचत नाहीत असं त्यात आढळलं. अंतर हे त्याचं एक कारण. आणि भाषा. दुबईत किंवा बंगळुरात बसलेल्या माणसाला इंग्रजीत 'मला चिंता वाटते' म्हणता येतं, पण 'जीव नुसता टांगणीला लागलाय' हे मराठीतच म्हणता येतं. परदेशातल्यांनी मात्र तिथले नियम बघून घ्यावेत. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञाचा परवाना राज्यागणिक वेगळा असतो, त्यामुळे पुण्याच्या मॅडमकडून न्यू जर्सीत उपचार घेणं दिसतं तितकं सरळ नाही.

जोडप्यांची थेरपी ही ऑनलाइनमधली सगळ्यात अवघड गोष्ट. आम्ही दोघं मिळून चार सेशन केली. पहिल्या वेळी एकाच मोबाइलसमोर गाडीत बसलो, बायको मागच्या सीटवर मुलीची बाटली भरतेय आणि मी मान वळवून बोलतोय. मॅडमना अर्धाच चेहरा दिसेना. दुसऱ्या वेळी हॉलमध्ये दोन फोन घेऊन बसलो, तर आवाज घुमून कानठळ्या बसल्या. शेवटी आई-बाबा देवळात गेले की एकच लॅपटॉप, टेबलाच्या टोकाला लांब ठेवलेला, आणि दोघं शेजारी. तेही एक शिकणंच होतं, कारण कित्येक महिन्यांत आम्ही शेजारी बसून एकाच दिशेला बघितलं नव्हतं.

सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी जोडप्यांना प्रयोगशाळेत बसवून, नाडीला यंत्रं लावून, भांडायला लावलं. संसार पोखरणाऱ्या चार सवयी त्यांनी नोंदवल्या: टीका, तुच्छता, स्वतःचाच बचाव आणि अबोला. चौथीला मराठीत किती नेमका शब्द आहे बघा. यांत सगळ्यात घातक तुच्छता, म्हणजे डोळे फिरवणं, नक्कल करणं, "झालं का तुझं सुरू" म्हणणं. आणखी एक गोष्ट त्यांनी पाहिली. भांडताना नाडी शंभरच्या पुढे गेली की माणसाला समोरचा काय म्हणतो ते धड ऐकूच येत नाही. मग वीस-एक मिनिटं वेगळं होण्याखेरीज इलाज नसतो. आमच्या घरी यावरून नवा नियम निघाला. कुणीही "कुकर" म्हणालं की दोघांनी गप्प बसायचं. शिट्टी व्हायच्या आत गॅस बारीक करायचा.

जोडप्यांनी एक गोष्ट आधीच विचारून घ्यावी. एकाने थेरपिस्टला खासगीत मेसेज करून काही सांगितलं, तर ते दुसऱ्याला कळेल का? वेगवेगळ्या थेरपिस्टचे नियम वेगळे असतात. आमच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मला एकट्याने काही सांगाल तर ते इथे सगळ्यांसमोर येऊ शकतं, हे धरूनच सांगा." व्हॉट्सॲपमुळे हा मोह फार असतो. रात्री अकराला भांडण झालं की बोटं आपोआप थेरपिस्टच्या चॅटकडे जातात, तेव्हा हे वाक्य आठवलेलं बरं.

घरातल्या बदलांकडे येतो, कारण माझं सगळं प्रकरण तिथलंच होतं. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ मध्ये आयुष्यातल्या ४३ घटनांची एक यादी केली आणि प्रत्येकीला ताणाचे गुण दिले. होम्सही त्याच सिएटलच्या विद्यापीठातले, काय योग असतात बघा. जोडीदाराचा मृत्यू १००, घटस्फोट ७३, निवृत्ती ४५. गंमत अशी की लग्नालाही ५० गुण आहेत. इतकंच काय, सुट्टीवर जाण्याला १३. घटना आनंदाची असो वा दुःखाची, घडी विस्कटली की मनाला नव्याने बसवावी लागते, हा त्या यादीमागचा विचार. यादी अमेरिकेतली, साठच्या दशकातली, आणि रोजची कुरबुर तिच्यात धरलेली नाही, त्यामुळे गुण म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. पण मॅडमनी ती मला गृहपाठ म्हणून दिली. माझी बेरीज केली: घरात नवं माणूस येणं ३९, बायकोने परत नोकरी धरणं २६, राहणीमानातला बदल २५. झाले ९०. मी वही दाखवून म्हणालो, बघा किती सोसतोय.

"आता बाबांची करा," त्या म्हणाल्या.

निवृत्ती ४५. राहणीमान बदललं २५. घर बदललं २०. उठण्याबसण्याची माणसं बदलली १८. एकशे आठ. गावात बाबांना नावाने हाक मारणारी शंभर माणसं होती. आमच्या सोसायटीत त्यांना 'बी-४०२चे आजोबा' म्हणतात. त्यांच्या ताब्यात आता उरलं होतं काय, तर दुधाची पिशवी. त्या रात्री मी गाडीतून उतरून वर गेलो आणि काहीच वेगळं बोललो नाही. दुसऱ्या दिवशीही बाबांनी टोकलंच. मी ओरडलो नाही, एवढाच फरक. असे फरक दिसायला लहान असतात आणि ते यायला सहा आठवडे लागले होते.

गुप्ततेबद्दल दोन खऱ्या घटना माहीत असाव्यात. फिनलंडमध्ये वास्तामो नावाची मानसोपचाराची मोठी खासगी संस्था होती. तिचा संगणक फोडून चोराने हजारो रुग्णांच्या सेशनच्या नोंदी पळवल्या आणि २०२०च्या ऑक्टोबरमध्ये एकेका रुग्णाला ईमेल धाडले: २०० युरो द्या, नाहीतर तुमचं बोलणं जगजाहीर करतो. दुसरी घटना चोरीचीही नाही. अमेरिकेतल्या बेटरहेल्प या ऑनलाइन थेरपीच्या मोठ्या कंपनीने लोकांची माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅट अशांना पुरवली असा ठपका तिथल्या व्यापार आयोगाने ठेवला, आणि २०२३ मध्ये कंपनीला ७८ लाख डॉलर भरायला लागले. कंपनीने चूक कबूल केली नाही, पैसे मात्र भरले. तेव्हा ॲप उघडताच भली मोठी प्रश्नावली आली तर ती भरण्याआधी थांबावं. आपल्याकडे २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. तिला अपवाद आहेत: कुणाच्या जिवाला धोका असेल तर थेरपिस्ट बोलू शकतो, आणि लहान मुलाच्या लैंगिक शोषणाची बाब असेल तर त्याला बोलावंच लागतं. ही मर्यादा चांगला थेरपिस्ट आधीच सांगतो. सेशन रेकॉर्ड होतं का, नोंदी कुठे राहतात, हेही विचारा. आणि घरातला सगळ्यांचा टॅब वापरू नका. कॅलेंडरची आठवण नेमकी सासूबाई मालिका बघताना उगवते.

आता ते 'सौम्य ते मध्यम'. जीव द्यावासा वाटतोय, नसलेले आवाज ऐकू येतायत, रात्र-रात्र झोप नसताना अंगात नुसती वीज सळसळतेय, दारू सोडताना हात थरथरतायत, यातलं काही असेल तर मोबाइलच्या चौकटीत अडकू नये. प्रत्यक्ष डॉक्टर गाठावा. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात चौकशी करता येते. आणि जोडीदार मारहाण करत असेल तर त्याच घरात, त्याच्या नकळत बसून ऑनलाइन थेरपी करणं हे सरळ धोक्याचं आहे. दोघांचं एकत्र सेशन तर मुळीच नको, कारण तिथे खरं बोलल्याची किंमत नंतर घरात मोजावी लागते. अशा वेळी आधी महिला हेल्पलाइन १८१, किंवा ११२.

रात्री-अपरात्री, एक पैसा न देता, मराठीत बोलायचं असेल तर टेलिमानस आहे: १४४१६. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, ती सेवा सुरू केली. चोवीस तास चालते, आधी समुपदेशक बोलतो, गरज पडली तर पुढे तज्ज्ञाकडे जोडून देतात. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल ही सेवा २०१२ पासून आहे, तिथे फोनखेरीज ईमेलवरही लिहिता येतं. ठाण्याची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था १९९० पासून मराठीत हेच काम करते आहे. या सेवा म्हणजे आठवड्याला तोच माणूस समोर असलेली थेरपी नव्हे, पण पहिलं दार म्हणून उत्तम.

पैशांचं बोलायलाच हवं. शहरात पाऊण-एक तासाच्या सेशनला साधारण हजार ते अडीच हजार जातात, आणि एका सेशनने काही होत नाही. मी आठवड्याला एका सेशनने सुरुवात केली, तीन महिन्यांनी पंधरवड्यावर आलो, शेवटी महिन्यातून एकदा. २०१७च्या त्याच कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांच्या बरोबरीने धरायला सांगितलं आहे. पण आपल्याकडचे बरेचसे विमे दवाखान्यात भरती झाल्यावरच पैसे देतात, त्यामुळे अशा सेशनचा खर्च बहुधा खिशातूनच जातो. काही थेरपिस्ट ऐपतीप्रमाणे फी कमी करतात. विचारायला लाजू नये. मी विचारलं होतं, दोनशे कमी झाले.

आणि हल्ली लोक एआयशीच बोलतात. रात्री दोन वाजता तो जागा असतो, कंटाळत नाही, फी घेत नाही, वही भरायला मदतही करतो. १९६६ मध्ये संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबाउम यांनी एलायझा नावाचा एक साधा प्रोग्राम लिहिला होता. तुमचंच वाक्य उलटं करून प्रश्न विचारायचा, बस्स. तरीही लोक त्याच्याजवळ मन मोकळं करू लागले, हे बघून वायझेनबाउम स्वतःच हादरले. आजचे त्याच्यापेक्षा कितीतरी हुशार आहेत. पण मी एकदा दुधाच्या पिशवीचं प्रकरण एआयला सांगितलं, तर त्याने मला, बाबांना 'सीमारेषा आखून देण्याचा' सल्ला दिला. आधी मला बरं वाटलं. "आता बाबांची करा" असं म्हणायचं त्याला काही सुचलं नाही.

माझी सेशन मार्चमध्ये संपली. शेवटच्या गुरुवारी मॅडमनी विचारलं, पुन्हा घसरल्यासारखं वाटलं तर काय करणार. मी वही दाखवली. त्या म्हणाल्या, वही ठीक आहे, पण फोनही आहे.

गाडीची किल्ली गुरुवारी रात्री आता बायकोकडे असते. साडेआठला ती खाली जाते आणि सव्वानऊला वर येते. मी काही विचारत नाही. वॉचमनही आता काच वाजवत नाही. उलट मागच्या आठवड्यात गाडीशेजारी मोटारसायकल धूत, रेडिओ लावून बसलेल्या पोराला त्याने हटकलं म्हणे, "जरा आवाज कमी कर, आत मीटिंग चालू आहे."